नाचणार कधी?

चंद्रलेखांनी बसवलेल्या 'शरीर'ची (२००१) चित्रफीत पाहताना आमचे नाना तिसऱ्यांदा म्हणाले, "अहो, पण ही बाई नाचणार कधी?" गुंदेचा बंधूंचं ध्रुपद, नाचणारे दोघंच. एक पाय उचलेपर्यंत आपली फास्ट डोंबिवली गाठते, हे कबूल. पण हेच नाना तासभराच्या आलापीला डोळे मिटून डोलतात! गवयाने रेंगाळावं, नाचणारीने मात्र घुंगरं फोडावीत, हा कुठला न्याय? चंद्रलेखांचा जन्म (१९२८) वाड्याचा, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातला. भरतनाट्यम् शिकून त्यांनी त्यातले दागदागिने उतरवले, कण्याचा ताण तेवढा ठेवला. लोकलमध्ये एका पायावर ठाण्यापर्यंत तोल सांभाळणाऱ्याला तो नक्की कळेल. नाना मात्र कल्याणहून सुटणारी गाडी धरतात आणि खिडकीशी बसतात.