दुरुस्तीचा हक्क पोर्टलवर, मिक्सर मात्र माळ्यावर

लग्नसराई आटोपली की जिल्ह्यातल्या घराघरांत दोन वस्तूंची हमखास भर पडते: एक भिंतीवरचं घड्याळ, दुसरा मिक्सर. दोन-तीन वर्षांत यातलं काहीतरी बंद पडतं, माळ्यावर जातं आणि तिथून भंगारवाल्याच्या गाड्यावर. 'दुरुस्तीला टाकण्यापेक्षा नवीन घेतलेलं बरं' हे वाक्य आता मंठा-परतूरच्या बाजारातही ऐकू येतं. पण सोयाबीन-कापसाच्या पैशावर चालणाऱ्या घराला दर दोन वर्षांनी नवा मिक्सर परवडतो का, हा खरा प्रश्न आहे.

सरकारने हा विषय हातात घेतलाच नाही, असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. कंपन्यांनी तिथे माहितीपुस्तिका, सर्व्हिस सेंटर, वॉरंटीच्या अटी द्यायच्या. कल्पना चांगली, पण हे पोर्टल आहे, कायदा नव्हे. सुटा भाग अमुक वर्षं मिळालाच पाहिजे, अशी सक्ती त्याने होत नाही. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, याचे गुण ठरवण्याचा अहवाल दिला. त्यात सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून. फ्रान्समध्ये अशी गुणपद्धत जानेवारी २०२१ पासून आहे आणि तिथे पहिल्याच यादीत वॉशिंग मशीनही होतं. आपल्याकडे मिक्सर, पंखा, कूलरचा नंबर कधी लागणार?

सर्व्हिस सेंटर असतं ते बहुतेक वेळा जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला. मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असलं तरी एक दिवसाची मजुरी बुडते, आणि 'पार्ट मागवावा लागेल, पुढच्या आठवड्यात या' हे ऐकून परत यायचं. त्यामुळे सगळा भार गावच्या मेकॅनिकवर. आपल्या तालुक्यांत हा माणूस बहुधा मोटार रिवाइंडिंगवाला असतो. रब्बीत कमी दाबाने विहिरीवरच्या मोटारी जळू लागल्या की त्याला मान वर करायला फुरसत नसते. मग मिक्सर महिनाभर फळीवर पडून राहतो.

खरं तर यातले निम्मे बिघाड घरीच कळण्यासारखे असतात. पंखा हळू फिरतोय, हाताने ढकलल्यावर सुरू होतोय, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. मिक्सर मध्येच बंद पडला तर आधी बुडाचं लाल बटण बघा. जास्त भार आला की ते सुटतं. थोडं थंड होऊ देऊन दाबलं की मिक्सर चालू. भांडं फिरत नाही पण मोटार फिरतेय, तर कपलर झिजलेला. खालून ठिणग्या आणि जळका वास, तर कार्बन संपलेत. घड्याळ बंद असेल तर सेल काढून पट्टी बघा. सेल गळून पांढरा-हिरवा थर बसलेला असतो, तो कोरड्या कापडाने, बारीक सँडपेपरने साफ केला की बऱ्याचदा काटे हलतात. नाहीच हलले, तर मागचं काळं मशीन आख्खं बदलता येतं. आतला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्याच्याशी खटपट करून काही उपयोग नसतो. चावीच्या आणि एचएमटीच्या घड्याळांची गोष्ट वेगळी. एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करण्यावर केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केलं. आता सुटे भाग जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. सेवानिवृत्त गुरुजींची 'जनता' कुणी भंगारात टाकू नये.

आता यात नवी अडचण आलीय. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्याला स्टार लेबल सक्तीचं झालं आणि बाजारात बीएलडीसी पंखे वाढले. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा तीसेक. दिवसाला बारा तास चालवला तर अर्ध्या युनिटच्या आसपास वाचतं, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याला कपॅसिटर बदलून चालत नाही, आत सर्किट असतं. ते गेलं की गावचा मेकॅनिक हात वर करतो, कारण कंपनीचं सर्किट त्याला मिळत नाही.

याच मेकॅनिकला सरकार मोजतं का, तेही बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. लोहार, सुतार, कुंभार, शिंपी, कुलूप बनवणाराही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, पाच टक्क्यांनी कर्ज. पंखा-मिक्सरवाला आणि घड्याळवाला मात्र त्या यादीत नाही. परंपरेचा निकष लावला म्हणून असेल, पण लोकांच्या रोजच्या गरजेचा कारागीर बाहेर राहिला हे खरं.

घरी हात घालणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. पंख्यासाठी मेन स्विच पाडायचा. कपॅसिटर त्यानंतरही झटका देऊ शकतो. इस्त्री, कूलर, गिझरची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन कापून दोन पिनांवर चालवणं तर जिवावरचा खेळ आहे. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या मराठवाड्यातून दर उन्हाळ्यात येतात. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा.

आणि वॉरंटीत असलेली वस्तू उघडू नका, पक्कं बिल जपून ठेवा. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तिथे नाही जमलं तर जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.