गुडघ्याची सूज आणि पुनरागमनाची घाई

खेळाडूच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, की दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न विचारला जाऊ लागतो. मैदानावर परत कधी? संघव्यवस्थापन, प्रायोजक आणि चाहते या सर्वांना तारीख हवी असते. गुडघा मात्र दिनदर्शिका पाहून बरा होत नाही. तो बरा होत आहे की नाही, याची पहिली खूण त्यावरील सुजेत दिसते आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते.

कुस्तीपटू विनेश फोगट हिचा गुडघा २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व लढतीत दुखावला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. शस्त्रक्रियेनंतर मे २०१७ मध्ये तिने आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल व आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदके जिंकली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. सायना नेहवालच्या गुडघ्यावरही रिओनंतर लगेच शस्त्रक्रिया झाली. अवघ्या तीन महिन्यांत ती कोर्टवर परतली, २०१७च्या जागतिक स्पर्धेत तिने कांस्यपदकही पटकावले. मात्र २०२४ मध्ये तिने आपल्या गुडघ्यांना संधिवात असून कूर्चा झिजल्याचे जाहीरपणे सांगितले. दोघींच्या दुखापती वेगळ्या असल्याने त्यांची तुलना करता येणार नाही. पण पदक मिळाले म्हणजे गुडघ्याचा हिशेब मिटला, असे होत नाही, एवढे यातून स्पष्ट होते.

सूज नेमके काय करते?

शस्त्रक्रिया ही शरीराच्या दृष्टीने जखमच असते. रक्तपुरवठा वाढतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, सांध्यात द्रव साठतो. पहिल्या काही दिवसांतील हा दाह दुरुस्तीचाच भाग आहे. तो आठवडेच्या आठवडे रेंगाळला, तर मात्र नुकसान सुरू होते. गुडघ्यात पाणी साठले, की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जासंस्थेकडून मिळणारा आदेशच क्षीण होतो. खेळाडूने कितीही जोर लावला तरी स्नायू पूर्ण आकुंचन पावत नाही आणि काही दिवसांतच मांडी बारीक दिसू लागते. गुडघा पूर्ण सरळ होईनासा झाला तर चालही बिघडते. म्हणूनच फुटबॉल, कबड्डी, कुस्तीत वारंवार तुटणाऱ्या एसीएल या अस्थिबंधाची पुनर्रचना करताना, अन्य गुंतागुंत नसल्यास, आधीची सूज उतरून हालचाल परत येईपर्यंत थांबण्याचा सल्ला अनेक शल्यविशारद देतात.

सुजेवरील उपायांबद्दलचे मतही बदलले आहे. १९७८ मध्ये 'विश्रांती, बर्फ, दाब, उंची' हे सूत्र मांडणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये बर्फामुळे जखम भरण्यास विलंब होऊ शकतो, असे म्हटले. शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी करण्यासाठी बर्फ आजही उपयोगी ठरतो. धोका आहे तो सूज दडपून खेळत राहण्यात. वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो, पण नव्याने बसवलेल्या अस्थिबंधाचे बळ त्याने वाढत नाही. हे कलम सुरुवातीच्या काही महिन्यांत उलट दुबळेच होते आणि त्याला हळूहळू बळकटी येते. ठणका थांबलेला आणि कलम कच्चे, हीच घात होण्याची वेळ.

नऊ महिन्यांचा हिशेब

ओस्लो आणि डेलावेअर येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत महत्त्वाचा आहे. एसीएल शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांचे निरीक्षण त्यात होते. स्नायूंची ताकद व उड्यांच्या चाचण्या उत्तीर्ण न होता खेळात परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना गुडघ्याची पुन्हा दुखापत झाली. चाचण्या उत्तीर्ण झालेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांहूनही कमी होते. पुनरागमन जितके लांबवले, तितका धोका नऊ महिन्यांपर्यंत दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटत गेला. अर्थात, नऊ महिने झाले म्हणून गुडघा तयार झाला, असाही याचा अर्थ नाही.

आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या दिमतीला फिजिओथेरपिस्ट असतो. व्यायाम वाढवल्यानंतर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर भार कमी करायचा, हे सांगणारे कोणीतरी त्याच्याजवळ असते. जिल्हा पातळीवरच्या कबड्डीपटूची स्थिती वेगळी आहे. शस्त्रक्रियेसाठी विमा, वर्गणी किंवा उसनवारीतून पैसे उभे राहतात. पुढील सहा-नऊ महिन्यांच्या व्यायामोपचाराचा खर्च मात्र बहुधा त्याच्याच खिशातून जातो. स्पर्धेतील कामगिरीवर संघातील जागा आणि खेळाडूंच्या कोट्यातील नोकरीची आशा अवलंबून असते. त्यामुळे टाके निघाले, चालता येऊ लागले, की तो सरावाला उभा राहतो. चढाईत पाय रोवून वळताना कच्चे कलम पुन्हा तुटते, तेव्हा दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी पैसा आणि उमेद, दोन्हींची वानवा असते.

शस्त्रक्रियेनंतर वाढत जाणारी लाली, ताप, जखमेतून स्राव किंवा पोटरीत दुखणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जायला हवे. पण ती नसतानाही गुडघा दर सरावानंतर सुजत असेल, तर ते थांबण्याचे सांगणे असते. संघटनांनी शस्त्रक्रियेच्या खर्चाइतकीच व्यायामोपचारांची तरतूद केली आणि तंदुरुस्तीच्या दाखल्याऐवजी चाचणीचा निकाल मागितला, तर अनेक कारकिर्दी वाचतील. तोवर तारखेची घाई खेळाडू करील आणि तिची किंमत त्याचा गुडघा मोजील.