सुट्टीचा छंद : जिताड्यासाठी मोठे आमिष



टॅम्पिनीसच्या बाजारात ‘सियाकाप’ म्हणून मिळणारा आणि ऑस्ट्रेलियात ‘बारामंडी’ म्हणवणारा मासा म्हणजे आपला अलिबाग-पेणकडचा जिताडाच. इंग्रजीत तो ‘एशियन सी-बास’. पासिर रिसच्या किनाऱ्यावर तो गळाला लावण्याची हौस आपल्यापैकी काहींना आहे. त्यासाठी शेपूट हलवणारे, मऊ प्लॅस्टिकचे चार ते सहा इंची मासे वापरतात; दुकानात त्यांना ‘स्विमबेट’ म्हणतात. सामान कोणते घ्यावे, असे विचारणाऱ्यांसाठी हे टिपण.

निवड आमिषापासून सुरू करावी, काठीपासून नव्हे. पाच इंची बेट शिशासकट साधारण ३० ग्रॅम भरते. किती वजनाचे आमिष फेकता येईल ते काठीवर मुठीजवळ छापलेले असते. १४ ते ४२ ग्रॅम लिहिलेली सात फुटी काठी या कामाला पुरते. हलक्या काठीने जड आमिष फेकले, तर मासा लागण्याआधीच काठी तडकायची. रीळ ४००० आकाराचे, खारे पाणी सोसणारे असावे.

दोरा ३० पौंडी ब्रेड, म्हणजे वेणीसारखा विणलेला पॉलिएथिलीनचा. तो जवळजवळ ताणला जात नाही, त्यामुळे लांबवर माशाने तोंड लावले तरी बोटाला कळते. पण जिताड्याच्या कल्ल्यांची कड धारदार असते आणि घासला गेलेला ब्रेड चटकन तुटतो. म्हणून पुढे मीटरभर ४० पौंडी फ्लुओरोकार्बन जोडावा. नायलॉन पाणी शोषून कमजोर होतो, हा होत नाही.

रसायनशास्त्राची एक गोष्ट सांगतो. ही बेटे बहुधा पीव्हीसीची असतात आणि मऊपणासाठी त्यांत तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ते शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये झिरपते आणि डबा व बेट दोन्ही चिकट होतात. बेटे त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवावीत. शिशाला हात लागला की साबणाने धुवूनच पोळी-भाजीचा डबा उघडावा. मुलांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे.

आता फेकण्याविषयी. भरती-ओहोटीचे पाणी वाहते असताना जिताडा खाडीच्या तोंडाशी किंवा खांबाच्या आडोशाला दबा धरतो. बेट प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकावे, बुडू द्यावे आणि शेपूट हलेल इतपतच सावकाश गुंडाळावे. मधूनमधून थांबावे, पुष्कळदा मासा त्याच क्षणी आमिष घेतो. त्याने उडी मारली तर काठी खाली न्यावी, पण दोरा सैल सोडू नये.

मुख्य मुद्दा यापुढचा. मोठे आमिष मोठा मासा निवडते. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. मीटरभर लांबीचा जिताडा बहुधा मादीच, लाखो अंडी घालणारी. भक्कम सामान मिरवण्यासाठी नसून तिच्यासाठी असते. नाजूक दोऱ्यावर मासा फार वेळ झुंजला की त्याच्या स्नायूंत आम्ल साठते. त्यात इथल्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी. असा मासा सोडून दिला तरी पुढे मरू शकतो. म्हणून त्याला लवकर किनाऱ्याशी आणावे. तीनटोकी गळाऐवजी एकटोकी वापरावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन आडवा धरावा. कल्ल्यात बोटे घालून लटकवू नये. घरी कालवणासाठी न्यायचाच, तर मध्यम न्यावा, मोठी मादी सोडावी.

जवळच्या बेडोक जलाशयात गळ टाकायचा, तर तिथला सोबती म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेला पीकॉक बास. वाळूच्या जुन्या खाणीतून झालेला हा जलाशय १९८६ मध्ये पूर्ण झाला. तिथे तीन इंची बेट आणि हलकी काठी बरी. इथल्या जलाशयांत फक्त कृत्रिम आमिष चालते, तेही नेमून दिलेल्या जागीच. पाटी वाचूनच सामान उघडावे.

शेवटी, गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून सरळ इमारतीत जावे. कार्बनच्या काठीतून वीज वाहते आणि सिंगापुरात विजा पुष्कळ. मासा उद्याही मिळेल.

पुढील अंकात दोऱ्याच्या गाठींविषयी.