मोडक्या यंत्रांतील अयस्कांत

कालिदासानें कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गांत शंकराचें मन ओढून घेण्याच्या कामीं अयस्कांताची उपमा योजिली आहे. त्या काळचा अयस्कांत म्हणजे खाणींतून निघालेला काळा दगड. त्याच्याकडे सुई सरकली तरी नवल वाटे, आणि त्या सरकण्याचें कारण कणादानें ‘अदृष्ट’ म्हणून सोडून दिलें होतें. आज भंगारवाल्याकडे पडलेल्या संगणकाच्या पेटींत जो अयस्कांत असतो, त्याची ओढ पाहिली असती तर महाकवीनें ही उपमा जरा बेतानेंच वापरली असती!

संगणकाची माहिती ज्या चकत्यांवर सांठविली जाते, त्या हार्ड डिस्कच्या पेटींत हा चुंबक सांपडतो. तो निओडिमियम, लोह व बोरॉन या तिहींचा असून, १९८० नंतरच्या चार वर्षांत जपानांत मासातो सागावा व अमेरिकेंत जॉन क्रोट यांनीं तो स्वतंत्रपणें सिद्ध केला. एप्रिल २०२५ मध्यें चीननें कांहीं दुर्मिळ मृदाधातूंच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीस परवान्याची अट घातली, तेव्हां आपल्याकडील मोटारींचे कारखानदारही चिंतेंत पडले. इकडे बोदवडास तोच माल लोखंडाच्या भावानें तागडींत पडतांना आम्ही पाहतों. घरांत बिघडून पडलेली डिस्क असेल तर ती फुकट देऊं नये, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

पेटीचे स्क्रू सहा पाकळ्यांच्या खोबणीचे असतात. तसा पेंचकस आधीं मिळवावा. एक स्क्रू बहुधा वरच्या चिठ्ठीखालीं दडलेला असतो, तो न काढतां झांकण उचकटणारे पुष्कळ. लहान डिस्कांतील चकत्या कित्येकदां कांचेच्या असतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. आंत एका कोपऱ्यांत लोखंडी पट्टीस चिकटविलेला, चंद्रकोरीसारखा चकचकीत तुकडा दिसेल. तोच आपला अयस्कांत. पट्टीचें एक टोंक व्हाइसमध्यें धरून दुसरें पान्यानें किंचित् वांकविलें कीं डिंक सुटतो. हातोडी मारूं नये, कारण हा पदार्थ कांचेसारखा ठिसूळ आहे. तापवूंही नये, ८० अंशांपुढें साध्या प्रतीच्या चुंबकाचें बळ कायमचें घटूं लागतें. (आमच्या खानदेशच्या वैशाखाला मात्र तो भीत नाहीं.) वरचा निकेलचा मुलामा उडाला तर तो गंजून त्याची भुकटी होते, आणि भोंक पाडूं गेल्यास निघणारा चुरा पेट घेतो. तेव्हां जसा निघाला तसाच वापरावा.

उपयोग घरोघरीं आहेत. भिंतीवरील लांकडी पट्टीस मागून खांचा करून दोन चुंबक बसविले कीं पटाशा, पेंचकस, कात्री जागच्या जागीं राहतात. दळणाच्या गव्हांतून कागदांत गुंडाळलेला चुंबक फिरविला तर खिळा-तार वर येते. बाजारांत पितळ म्हणून घेतलेली वस्तु मुलाम्याखालीं लोखंडाची आहे काय, हें एका क्षणांत कळतें. मात्र चुंबक चिकटला नाहीं म्हणजे माल अस्सल, असें समजूं नये. जस्त आणि ॲल्युमिनियमही त्यास दाद देत नाहींत. विहिरींत पडलेली लोखंडी बादली जाड दोरीच्या टोंकास बांधलेला मोठा चुंबक वर काढूं शकेल. तांब्याच्या कळशीसाठीं गळच टाकावा लागतो.

आतां सूनबाईंच्या आक्षेपाविषयीं. घरांत दोन वर्षांचें मूल असतांना असले तुकडे आणूं नयेत, असें त्यांचें म्हणणें पडलें, आणि तें सर्वस्वीं रास्त आहे. मुलानें दोन चुंबक गिळले तर ते आंतड्याच्या दोन वळशांतून परस्परांस ओढतात, मधला पडदा चिमटला जाऊन आंतड्यास छिद्र पडतें आणि शस्त्रक्रिया करावी लागते. प्रथम सामान्य पोटदुखीच वाटते. अशा वेळीं केळें, तूप चारून वाट पाहणें म्हणजे वेळ घालविणें. तत्काळ रुग्णालय गांठावें आणि चुंबक गिळल्याची शंका डॉक्टरांस प्रथम सांगावी. ज्या वडिलांच्या छातींत पेसमेकर असेल, त्यांच्या छातीपासून चुंबक निदान एक वीत दूर राहिला पाहिजे; खिशांत तर मुळींच घालूं नये.

मुलांचें काय? त्यांस जुन्या ध्वनिवर्धकांतील काळे, वाटोळे, फेराइटचे चुंबक द्यावेत. ते बळानें कमी, आकारानें मोठे आणि तोंडांत न मावणारे. टेल्कोंत काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनीं पुढें पुण्याच्या आयुकांतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत असल्याच टाकाऊ वस्तूंपासून शेंकडों खेळणीं करून दाखविलीं. बॅटरी, दोन सेफ्टी पिना, तांब्याच्या तारेचें वेटोळें आणि एक चुंबक एवढ्यावर फिरणारी त्यांची मोटार दहा वर्षांच्या मुलाच्या हातूनही होते. तारेच्या एका टोंकाचें रोगण पुरतें आणि दुसऱ्याचें एकाच बाजूनें खरवडावयाचें, एवढीच मेख.

आमच्याकडे असलेले सात निओडिमियम चुंबक हल्लीं एका लांकडी पेटींत, दोहोंमध्यें बोटभर जाड फळीचे तुकडे घालून ठेविले आहेत. पेटीच्या झांकणावर संख्या लिहिली आहे; काम संपलें कीं मोजणी होते, आणि किल्ली सूनबाईंकडे असते.