खाडीची साक्ष नोंदवून घ्या

प्रति,
कांदळवन कक्ष, महाराष्ट्र वन विभाग, मुंबई

विषय : ठाणे खाडीकाठच्या ज्येष्ठ मच्छीमारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याबाबत

महोदय,

घाटकोपर पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडून पुढे गेले की खारफुटी लागते आणि तिच्या पलीकडे ठाण्याची खाडी. आम्ही रहिवासी इतकी वर्षे या खाडीकडे पाठ करून राहिलो. आपल्या विभागाने मात्र तिची कदर केली. २०१५ मध्ये तिचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग रोहित पक्षी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जाही मिळाला. आज तिथे पक्षी मोजले जातात, खारफुटीचे नकाशे तयार होतात. खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या कोळ्यांचे म्हणणेही तितक्याच काळजीने नोंदवले जावे, यासाठी हे जाहीर पत्र.

या कामाला वेळ थोडा उरला आहे. माहुल-ट्रॉम्ब्याचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५० च्या दशकात उभे राहिले, वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये सुरू झाला आणि पलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरला. त्याआधीच्या पाण्यात ज्यांनी जाणत्या वयात जाळे टाकले, ती माणसे आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. रोहित पक्षी इथे मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात. त्यापूर्वी खाडी कशी होती, हे सांगू शकणारे हेच साक्षीदार.

त्यांचे ज्ञान मोघम नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासची मंद भरती म्हणजे भांग पाहून पाण्याची ओढ ओळखायची, बोकशी जाळी कुठे लावायची आणि फेकजाळे म्हणजे पाग कुठे फेकायचा ते ठरवायचे. चिखलातून निवट्या, चिंबोऱ्या, शिंपल्या वेचणाऱ्या आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या कोळणींना तर खाडीचा तळ तळपायांनी ठाऊक आहे. कोणती मासळी कुठल्या साली दिसेनाशी झाली, हे त्यांना विचारायला हवे.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एक इशारा दिला होता. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीतला समुद्रच मूळचा मानते, त्यामुळे एकूण किती नुकसान झाले ते कोणालाच उमगत नाही. या विसरण्यावर उपाय म्हणजे जुन्या माणसांची साक्ष. अमेरिकेतील ‘नोआ’ या सरकारी संस्थेने मच्छीमारांच्या मुलाखतींचे भांडार सर्वांसाठी खुले केले आहे. आपल्याकडेही दहिसरच्या ‘स्पॅरो’ संस्थेने स्त्रियांच्या मौखिक इतिहासाचे मोठे काम उभे केले. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात पराग तांडेल आणि कादंबरी कोळी या कलावंतांनी ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्हज’ हा संग्रह चालवला आहे. मार्ग दाखवणारी माणसे हाताशी आहेत.

यात हक्काचाही प्रश्न आहे. वाशीच्या तिसऱ्या खाडी पुलाच्या प्रकरणात तिथल्या मच्छीमार संस्थेने न्यायालयात दाद मागितली आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाधित मच्छीमारांच्या भरपाईसाठी धोरण आखण्यास राज्याला सांगितले. पाण्यावरची वहिवाट सातबाऱ्यावर नसते. नोंदवलेली साक्ष उद्या त्यांच्या कामी येईल.

म्हणून विनंती अशी : माहुल, ट्रॉम्बे, चेंदणी, वाशी, दिवाळे येथील ज्येष्ठ स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घ्या. कोळीवाड्यातल्याच तरुणांना प्रशिक्षण आणि मानधन देऊन हे काम सोपवा. बोलणे कोळी-आगरी बोलीत जसेच्या तसे उतरवा, त्याला प्रमाण मराठीचा मुलामा नको. मासेमारीच्या जागा सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय उघड करू नका. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या कुटुंबाला द्या आणि मूळ ठेवा ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात सर्वांना ऐकता येईल असा जपा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तांडेल आणि खलाशी घरी असतात. येत्या बंदीच्या काळातच पहिल्या मुलाखती व्हाव्यात. पुढच्या वर्षावर हे काम ढकलू नका.

आपला,
घाटकोपर पूर्व येथील एक रहिवासी