‘सी’ ड्राइव्ह सोडून दुसरीकडे टाकलेलं सॉफ्टवेअर काढताना तुमच्या फाइल्स का उडतात?

लॅपटॉपचा ‘सी’ ड्राइव्ह लाल दिसायला लागला की आपण गेम ‘डी’मध्ये टाकतो किंवा डॉक्युमेंट्सचं फोल्डर दुसरीकडे हलवतो. ज्यांच्याकडे स्टोरेज कमी, त्यांची ही रोजचीच सवय. पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने ते अशा वेगळ्या जागी इन्स्टॉल करून आणि मग काढून पाहिलेलं असतं का? नसेल, तर काय होतं ते पाहू.

तीन मोठे गोंधळ

2 ऑक्टोबर 2018 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चं मोठं अपडेट दिलं आणि काही दिवसांतच थांबवलं. कारण काही लोकांच्या फाइल्स गायब झाल्या होत्या. या लोकांनी डॉक्युमेंट्ससारखं फोल्डर दुसऱ्या जागी वळवलं होतं, पण जुन्या फाइल्स मूळ जागीच राहिल्या होत्या. फोल्डर वळवल्यावर मागे उरणारं रिकामं, डुप्लिकेट फोल्डर साफ करण्यासाठी नवा कोड लिहिला होता. तो रिकामं आणि भरलेलं यात फरकच करत नव्हता! दुरुस्त केलेलं अपडेट 13 नोव्हेंबरला आलं.

जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग सॉफ्टवेअरची अशीच गोष्ट समोर आली. एका युजरने स्टीमचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं. स्टीमची स्क्रिप्ट आधी स्वतःच्या फोल्डरचा पत्ता शोधायची आणि गरज पडली तर ‘या पत्त्यावरचं सगळं उडव’ असा आदेश द्यायची. पत्ता सापडलाच नाही, तर तिथे रिकामी जागा उरायची आणि आदेश थेट संपूर्ण कॉम्प्युटरला लागू व्हायचा. त्या युजरच्या सगळ्या वैयक्तिक फाइल्स गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हवरच्याही. गंमत म्हणजे कोडमध्ये त्या ओळीजवळ डेव्हलपरनेच ‘स्केअरी!’ असं लिहून ठेवलं होतं.

त्याही आधी, 1998 मध्ये, बंजी कंपनीच्या ‘मिथ 2’ या गेमचा अनइन्स्टॉलर गेम ज्या फोल्डरमध्ये असेल ते फोल्डरच पूर्ण उडवायचा. ठरलेल्या फोल्डरमध्ये काहीच अडचण नव्हती. पण कोणी गेम थेट ड्राइव्हच्या मुळाशी टाकला असेल, तर अख्खा ड्राइव्ह साफ. हे लक्षात आल्यावर बंजीने सीडी परत मागवल्या.

चूक नेमकी कुठे?

तिन्ही ठिकाणी कोडने एक गृहीत धरलं होतं: ‘हे फोल्डर माझं आहे, म्हणजे आतलं सगळं माझंच.’ ठरलेल्या जागी हे बहुतेक वेळा खरं असतं, म्हणून टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं दिसतं. जागा बदलली की हिशोब चुकतो.

मोजण्याची पद्धतही यात दोषी आहे. 2018 च्या अपडेटमध्ये फाइल्स गेल्याच्या तक्रारी, मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार, अवघ्या 0.01 टक्के होत्या. काहींनी तर अपडेट येण्याआधीच तक्रार केली होती, पण तिला फारशी मतं मिळाली नाहीत आणि ती मागे पडली. नंतर कंपनीने तक्रार करताना ‘नुकसान किती गंभीर’ हे सांगायची सोय दिली. हेच महत्त्वाचं आहे. आयकॉन वाकडा दिसणं लाखोंना त्रास देतं, पण कॉलेजचा प्रोजेक्ट उडणं एकालाच झालं तरी जास्त मोठं आहे.

खरं टेस्टिंग कसं असावं?

सॉफ्टवेअर निदान या जागी टाकून आणि काढून पाहायला हवं:

- दुसऱ्या ड्राइव्हवर आणि ड्राइव्हच्या अगदी मुळाशी
- नावात स्पेस असलेल्या फोल्डरमध्ये
- ‘माझे गेम’ असं देवनागरी नाव असलेल्या फोल्डरमध्ये
- आधीच दुसऱ्या फाइल्स असलेल्या फोल्डरमध्ये
- इन्स्टॉल केल्यावर हलवलेल्या फोल्डरमध्ये

मग आधीची आणि नंतरची फाइल्सची यादी जुळवायची. सॉफ्टवेअरने आणलेलं गेलं पाहिजे आणि बाकीचं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. कॉलेजमध्ये अ‍ॅप बनवत असाल, तर ही टेस्ट तुम्हीही करू शकता.

फोनवर काय?

अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप कुठल्या फोल्डरमध्ये बसवायचं हे सिस्टिम ठरवते, त्यामुळे एका अ‍ॅपसोबत सगळा फोन साफ होण्याची भीती कमी. पण अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या फाइल्स अ‍ॅप काढताच सहसा जातात. त्यामुळे रेकॉर्डर किंवा नोट्सचं अ‍ॅप काढण्याआधी आतलं सगळं डाउनलोड्स फोल्डरमध्ये किंवा क्लाउडवर कॉपी करा. आणि मेमरी कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट केलं असेल, तर ते दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही.

लॅपटॉपवर एक साधा नियम पाळा: प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र, रिकामं फोल्डर द्या आणि आपल्या फाइल्स त्यात कधीच ठेवू नका. फोल्डर हलवलंच, तर जुन्या जागी काही राहिलंय का ते उघडून बघा. मोठ्या अपडेटआधी बॅकअप घ्या, कारण तुमची जागा कंपनीने तपासली आहे की नाही, हे तुम्हाला बाहेरून कळत नाही.