आडनावाचा रकाना

'पूर्ण नाव सांग.' या तीन शब्दांत जात विचारली जाते, हे नागपुरात कोणाला शिकवावं लागत नाही. सुरेश की महेश, याच्याशी घेणंदेणं कोणाला? कान आडनावाकडे लागलेले. आता हाच प्रश्न काँप्युटर विचारतो.

उत्तर नागपुरातल्या आमच्या अभ्यासिकेत पुस्तकांची नोंद आम्ही 'कोहा'वर सुरू केली. ग्रंथालयाचं हे फुकट, खुल्या कोडचं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआच्या ग्रंथालयासाठी १९९९ साली बनलं, ब्राउझरमध्ये चालतं. 'कोहा' हा माओरी शब्द, म्हणजे भेट. जमीन लुटली गेलेल्या लोकांचा शब्द! पण सभासदाचा फॉर्म उघडला तर आडनावापुढे लाल अक्षरांत सक्ती. यादीतही आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग माणूस.

बनवणाऱ्यांच्या मनात जात नव्हती, मान्य. त्यांच्याकडे आडनाव म्हणजे नुसतं आडनाव. इथं ते काय आहे, ते इथल्यालाच कळणार.

सक्ती सेटिंगमधून काढता येते. एका पोट्ट्यानं सीएसएसच्या चार ओळी टाकून यादीतलं आडनावही झाकलं. दुसऱ्यानं पानाचा सोर्स उघडून दाखवला : आडनाव जिथल्या तिथं! झाली रंगरंगोटी. सहभोजनं घालून जात घालवणाऱ्या सुधारकांची हीच तऱ्हा.

म्हणून आम्ही फोर्क केला. म्हणजे मूळ कोडची अख्खी नक्कल घेतली आणि चूल वेगळी मांडली. भावकीच्या वाटणीत एकाचं कमी होतं, इथं कोणाचंच होत नाही. परवानाच सांगतो : घ्या, बदला, वाटा, ज्याला द्याल त्याला कोडही द्या. पण महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ साली चवदार तळं ठरावानं खुलं केलंच होतं. पाणी प्यायला २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना जावं लागलं. कागदावर खुलं असलेल्या कोडात आपली पोरं हात घालतात का, हा माझा प्रश्न आहे.

आमच्यातल्याच एका मुलीनं अडवलं. "दादा, मी माहं आडनाव काहून लपवू? मले लाज नाही वाटत." मी चूप. रात्रभर ते डोक्यात राहिलं. तिचं खरं होतं. आम्ही झाकायला निघालो होतो. मग ठरलं, झाकायचं नाही, विचारायचंच नाही. कोणालाच. जोश्यालाही नाही, देशपांड्यालाही नाही. रकानाच फॉर्मातून काढला. दोन सुरेश आले तर कार्ड नंबर आहे ना! आरक्षणासाठी जातीची नोंद लागते, लागणारच, त्यासाठी दाखला आहे. पुस्तक घरी न्यायला कशाला?

(१ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव घातलं. चांगलं केलं. शेवटी आडनाव मात्र ठाण मांडून बसलंच आहे.)

आता दुखणं सांगतो. चूल वेगळी केली की लाकडंही आपणच आणायची. कोहाची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, मे आणि नोव्हेंबरात. मधे सुरक्षेच्या दुरुस्त्या. त्या प्रत्येक वेळी आमच्या बदलांशी जुळवाव्या लागतात. नाही जुळवल्या तर भोकं उघडी. हे काम दोन पोरं करतात, त्यातला एक पोलीस भरतीच्या तयारीत. फोर्क करून फोटो काढणारे पुष्कळ भेटले, तिसऱ्या महिन्यात कोणी दिसत नाही.

हा बदल मूळ कोहावाल्यांकडेही पाठवतो आहोत. घेतला तर आमचं ओझं कमी. पण कोड पर्ल भाषेत आहे, आणि आमच्यात ती अर्धवट येणारा मी एकटा. ज्याला येते त्यानं नोव्हेंबरच्या आत कोणत्याही रविवारी अभ्यासिकेत यावं. चहा आमच्याकडून.